तंबाखूला बंदी असलेलं घर

आमच्या घरात तंबाखूला बंदी होती. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय, की आजही कुणी ते म्हणालं तर माझं डोकं फिरतं. बाबा ते सांगायचे, चर्चचे पाळकसाहेब सांगायचे, आणि आईही सांगायची. आई सांगायची ती तोंडातली मशेरी थुंकून, चूळ भरून आल्यावर.

मशेरी म्हणजे काय ते हल्लीच्या पोरींना समजावून सांगावं लागतं. लागू दे, बरंच आहे. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून त्यांची पूड करायची, आणि ती बोटानं दातांना नि हिरड्यांना घासत बसायचं. घासायची, तोंडात धरायची, मग पिचकारी. सकाळी उठल्याबरोबर एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा, चार वाजता एकदा, निजायच्या आधी एकदा. आणि ह्याला आमच्याकडं काय म्हणायचे? दात घासणं! दिवसातून चार वेळा दात घासणाऱ्या आमच्या बायका, आणि चाळिशी आली की एकीच्या तोंडात धड दात नाही. कुणाला ह्याचं नवल वाटलं नाही हो कधी.

शिरूरला, म्हणजे आम्ही तेव्हा घोडनदीच म्हणायचो, मिशनच्या जुन्या आवाराला लागून आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबा शाळेत मास्तर. पन्नास साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील, मी दहा-अकराची होते. बाबांचा शब्द म्हणजे शब्द. एकदा त्यांचा लांबचा भाऊ भेटायला आला आणि ओट्यावर बसून त्यानं विडी पेटवली. बाबांनी त्याला पाणी विचारायच्या आधी सांगितलं, "ती विडी आणि तुम्ही, दोघंही आधी रस्त्यावर जा. विझली की एकटे या." तो जो गेला तो परत आलाच नाही. ही गोष्ट बाबा पुढं वीस वर्षं अभिमानानं सांगत होते.

आणि त्याच घराच्या मागच्या अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, कान तुटलेल्या तव्यात मी तंबाखू भाजत होते.

तंबाखू आणायची माझी मावशी. आईची धाकटी बहीण, कवठे येमाईला दिलेली. घरची शेती, अंगानं दणकट, बोलायला फटकळ. दर बाजारच्या दिवशी ती शिरूरला यायची, आणि तिच्या पाटीत भाजीच्या खाली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली तंबाखू असायची. खाली का? तर बाबांना दिसू नये म्हणून. दिसू नये म्हणजे काय, बाबा घरात असले की ते मुद्दाम पेपर तोंडासमोर धरायचे. दोन्हीकडून सोय.

बाबा शाळेतून यायच्या आत मी तवा चढवायची. आच मंद लागते. जाळ मोठा झाला की पान जळून राख होतं आणि कडू लागतं. कमी पडला तर कच्चट राहतं आणि ठसकतं. पान काळं पडून बोटांत सहज चुरलं की उतरवायचं. धूर असा उठायचा की डोळ्यांतून नाकातून पाणी. शेजारच्या बायका कुंपणावरून ओरडायच्या, "झाली का गं? आमची पण ठेव वाटीभर!" माझ्या हाताला गुण आहे म्हणायच्या मेल्या. बाजारपेठेपासून बायका आपापली पानं आणून द्यायच्या, आणि मी शाळेतून पळत येऊन भाजून द्यायची. मला कौतुक फार वाटायचं. चौथीत माझा नंबर कधी वर आला नाही, पण मशेरीत मी पहिली!

संध्याकाळी बाबा यायचे. दारातच दोन शिंका द्यायचे आणि विचारायचे, "आज मिरच्या भाजल्या वाटतं?"

"व्हय, चटणीला," आई म्हणायची.

"व्हय काय म्हणतेस? हो म्हण," बाबा तिची भाषा सुधारायचे. भाषा सुधारायचे! जन्मभर मिरच्या खाल्लेल्या माणसाला मिरचीचा वास ओळखू येत नव्हता होय? तेव्हा आम्ही सगळे हसायचो. आता आठवलं की हसू नाही, संताप येतो.

मला मशेरी लागली ती दाढेपायी. दाढ किडली, गाल सुजला, मी दिवसभर रडत होते. आईनं मला मांडीवर घेतलं, आपल्या डबीतली चिमूट घेतली आणि दाढेवर चोळली. पहिल्यांदा मला गरगरलं, भडभडून उलटी झाली. पण दाढ खरोखर बधिर झाली. आई खूश. "बघ, कसं अवशीद हाय!" आठ दिवसांत मी माझी माझी लावायला लागले. वर्षभरात अशी गत झाली की सकाळी लावल्याशिवाय डोकं धरायचं, परसाकडं व्हायचं नाही, पुस्तकातली अक्षरं हलायची. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग लाव की! म्हनूनच लावायची आसती." आता सांगा, कुठलं औषध असं असतं, की जे घेतलं नाही तर दुखणं नव्यानं सुरू होतं? पण हा प्रश्न मला पडायला पुढं बारा वर्षं लागली.

आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आईचं सगळं तिच्या तोंडात होतं. रूपानं साधी, ठेंगणी, पण बोलायला लागली की माणसं काम टाकून ऐकत बसायची. कुणाची नक्कल करावी तर आईनं. बाबांची तर त्यांच्यासमोर करायची, आणि तेही पेपराआडून हसायचे. मिशनच्या देवळात बायकांची भजनं तीच सांगायची. तिचा आवाज चढला की पुरुषांच्या बाजूचे पेटीवालेसुद्धा तिच्या मागं यायचे. भांडायला लागली तर मग पळा. भाजीवालीला तिनं एकदा दोन सडक्या वांग्यांवरून असं झापलं की ती बिचारी वर चार चांगली देऊन गेली.

आणि मग तो रविवार. त्या वर्षी पाळकसाहेबांनी व्यसनमुक्तीचा ध्यास घेतला होता. महिनाभर त्यांनी दारू, विडी, तंबाखू ह्यांवर उपदेश केले. शरीर म्हणजे देवाचं मंदिर, त्यात धूर करू नका, त्यात थुंकू नका. चांगलं बोलायचे, खोटं कशाला सांगू. त्या रविवारी उपासना संपल्यावर आवारात शेकोटी केली आणि एकेका पुरुषानं पुढं येऊन खिशातली विडी, चंची, पुडी तिच्यात टाकली. बाबा शेजारी उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवत होते. बायकांनी काय करायचं? बायकांनी टाळ्या वाजवायच्या आणि भजन म्हणायचं. पाळकसाहेब तर म्हणाले, "आपल्या भगिनींना ह्या व्यसनाचा स्पर्श नाही, त्यांच्याकडून शिका." ह्या भगिनींमधल्या निम्म्या जणी पाचच मिनिटांपूर्वी देवळामागं चूळ भरून आल्या होत्या! पाळकसाहेबांची स्वतःची बायको माझ्याकडून मशेरी न्यायची. मी तेव्हा आईच्या शेजारी उभी होते, आई सगळ्यांत वरच्या पट्टीत गात होती, आणि आमच्या दोघींच्या मनात तिळमात्र खोट नव्हती. ही गोष्ट नीट समजून घ्या. बाबांपासून पानं लपवायचो, पण तिथं आम्ही काही लपवत नव्हतो. आम्हाला खरोखरच वाटत होतं की तंबाखू ही पुरुषांची चैन, आणि मशेरी हे बायकांचं दात घासणं. दोन्ही एकाच बाजारातली, एकाच पानाची.

पुढं माझं लग्न झालं आणि मी दौंडला आले. नवरा रेल्वेत, इंजिनाच्या शेडमध्ये. रेल्वेची चाळ, दिवसभर कोळशाचा धूर, वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळी राखाडी. शेजारणी बरेच मुलूख फिरून आलेल्या, त्यांना माझी डबी म्हणजे गावंढळपणा वाटायचा. एक मद्रासी शेजारीण तर मला पाहून नाक दाबायची. मी रागानं आणखी दोनदा लावायची.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर माहेरी गेले, तर आई जेवताना भाकरी दुधात कुस्करत होती. आई आणि दुधात भाकरी! ठेचा लागायचा तिला.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. गालात आतून जरा चर्र व्हतंय. तिखट लागतंय."

तिनं गाल ओढून दाखवला. आतल्या बाजूला, दाढेशी, जिथं ती मशेरी धरायची तिथंच, पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लालभडक, चिरलेली जागा. दुधाच्या सायीसारखं काहीतरी चिकटलंय असं वाटलं. मी फडक्यानं पुसायला गेले, तर निघेना आणि आई कळवळली.

"किती दिवस झाले?"

"पावसाळ्यापास्नं आसंल. मशेरी लावली की बरं वाटतंय बघ."

लावली की बरं वाटतं. चट्ट्यावर ती दिवसातून आठ-आठ वेळा मशेरी दाबून ठेवत होती. आणि मी काय केलं? मी पोटची पोर, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, मी काय केलं? अंगणात जाऊन तवा मांडला आणि आठ दिवस पुरेल इतकी भाजून दिली. आईला आराम पडावा म्हणून. हेही लिहिणारच आहे.

बाबा म्हणाले, डॉक्टरांना दाखवू. पेठेत एक डॉक्टर होते, त्यांचं नाव घेत नाही, आता ते नाहीत आणि त्यांच्या मुलांनी काय केलंय? आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांच्या टेबलावर सिगारेट धुमसत होती. त्यांनी ती उचलून एक झुरका घेतला, धूर बाजूला सोडला आणि आईच्या तोंडात बॅटरी मारली.

"तंबाखू खाता का बाई?"

आई ताठ झाली. "न्हाई! आमच्यात चालत न्हाई त्ये, डाक्टर."

"पान? विडी?"

"आमच्या घरात तंबाखूला बंदी आहे," बाबांनी खणखणीत आवाजात सांगितलं. शेकोटीच्या दिवशी काढला होता तसा आवाज.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी मान हलवली. नाही म्हणून हलवली! सकाळीच भाजलेल्या तंबाखूचा वास माझ्या पदराला येत होता, आईच्या कमरेला डबी खोचलेली होती, आणि आम्ही तिघांनी डॉक्टरांना सांगितलं की ही बाई तंबाखूला शिवत नाही. आम्ही खोटं बोलत नव्हतो, हेच तर. खोटं बोललो असतो तर एकदा तरी जीभ अडखळली असती.

आणि डॉक्टर! तुम्ही ह्याच गावचे ना? तुमच्या घरी आई, बायको, मोलकरीण कुणी नव्हतं? सकाळी रस्त्यानं चालताना प्रत्येक उंबऱ्यावर तोंडात बोट घालून बसलेल्या बायका दिसत नव्हत्या? पण मशेरी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. बायकांच्या तोंडात काय चाललंय ते विचारायची कुणाला पडली होती! त्यांनी जांभळं औषध दिलं, शक्तीच्या गोळ्या दिल्या, "उष्णता आहे, दूध घ्या" म्हणाले आणि सिगारेट परत उचलली. आईचं तोंड आठ दिवस जांभळं होतं. त्यावरही तिनं नकला केल्या.

मी दौंडला परत आले. आईचं पत्र यायचं बाबांच्या अक्षरात, "बरे आहे, काळजी नसावी." असे पाच महिने गेले. पाच महिने! ते मला आजही कुणीतरी परत आणून द्यावेत असं वाटतं. पाच महिन्यांनी बाबा स्वतःच तिला घेऊन एस्टीनं दौंडला आले. आईनं पदर तोंडावर घट्ट धरला होता. जबडा नीट उघडत नव्हता, गळ्याशी गाठ आली होती, आणि तोंडाला अशी घाण यायची की तिलाच लाज वाटायची. दारात आल्या आल्या तिनं मला जवळ घेतलं नाही. लांबूनच म्हणाली, "जवळ येऊ नगं, वास मारतोय."

रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हातारे होते. बायकोच्या आईला तो दवाखाना लागू नव्हता, पण नवऱ्यानं हातापाया पडून दाखवायला नेलं. त्यांनीही तेच विचारलं, तंबाखू खाता का. आम्हीही तेच सांगितलं, नाही. त्यांनी वाद घातला नाही. आईचा हात हातात घेतला, नाडी बघितली, आणि मग तिचं बोट उलटसुलट करून पाहायला लागले. अंगठ्याशेजारचं बोट पेरापर्यंत काळं होतं, नखाच्या कडा तर कोळशासारख्या.

"हे बोट कशानं काळं झालं?"

"मशेरीनं," आई म्हणाली. "दात घासत्ये ना."

"आणि मशेरी कशाची करतात?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. बाबा खिडकीबाहेर रुळांकडं बघायला लागले. मीच म्हणाले, "तंबाखूची."

डॉक्टरांनी हात हळूच खाली ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मग मघाशी नाही का म्हणालीस, बाळ?"



त्यांनी त्याच दिवशी मुंबईला मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी दिली. तिथं सांगितलं की लवकर आला असतात तर थोडक्यात भागलं असतं. आता खालचा अर्धा जबडा काढावा लागेल, जिभेचा एक भाग जाईल, मग विजेचे शेक. काढला. सगळं केलं त्यांनी, जीव तोडून केलं. आई जगली, पण तोंड गेलं. तिच्या गळ्यातून नुसते घोगरे आवाज यायचे. नळीतून पेज घालायची. देवळात भजन सांगणारी माझी आई, भाजीवालीला गप्प करणारी, बाबांची नक्कल करणारी, ती आता काय म्हणते ते मलाही कळायचं नाही. तिला शिरूरला परत आणलं तेव्हा शेजारच्या पोरांनी तिच्याकडं पाहिलं आणि पोरं पळाली. आईनं ते पाहिलं.

बाबांनी शाळेतली पाटी आणून दिली. आईला लिहायला जेमतेम यायचं, पण लिहायची. पहिल्या दिवशी तिनं काय लिहिलं असेल? "मशेरी दे."

मी पाटी पुसली. तिनं परत लिहिलं. "थोडी. दुखतंय."

मी ओरडले. आजारी आईवर ओरडले. "त्यानंच झालंय हे! त्यानंच तोंड गेलं तुझं, कळतंय का?" तिनं बोटानं हवेत दात घासल्यासारखं करून दाखवलं. त्या बाजूला दात राहिले नव्हते.

मी तोवर माझी डबी टाकून दिली होती. तीन आठवडे माझं डोकं फुटत होतं, हात कापत होते, घरात आदळआपट चालली होती. म्हणून आईला काय होत असेल ते मला कळत होतं, आणि तरी मी देणार नव्हते. पण एके दुपारी मी नदीवरून धुणं घेऊन आले, तर आईच्या उशापाशी बाबा बसलेले, आणि त्यांच्या हातात कागदाची पुडी. तयार मशेरीची पुडी. जन्मात तंबाखूच्या दुकानाची पायरी न चढलेला माणूस, पेठेतून स्वतः जाऊन घेऊन आला होता. आपल्या बोटानं तिच्या उरलेल्या हिरडीला लावत होता.

"आता आठवलं का?" मी म्हणाले. "आता दिसली का तंबाखू? वीस वर्षं मिरच्यांचा वास येत होता ना तुम्हाला?"

बाबा उठले. बोट धुतलं, पुडी बांधली, खिशात ठेवली. मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. त्यांची दया खरी होती, मला मान्य आहे. पण ती दया त्यांनी वीस वर्षं आधी, एकदा पेपर खाली ठेवून दाखवली असती, तर काय बिघडलं असतं?

आई पुढच्या उन्हाळ्यात गेली. गळ्याची गाठ परत आली होती. शेवटच्या आठवड्यात तिनं पाटीही मागितली नाही.

तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना झाली. पाळकसाहेब आले, बोलले, आई किती निर्व्यसनी, किती पवित्र वृत्तीची होती ते सांगितलं. मी ओठ चावून ऐकलं. प्रार्थना संपल्यावर पुरुष ओट्यावर गेले आणि बायका मागच्या अंगणात बसल्या, मिशनच्या आणि गावातल्याही, सगळ्या आईच्या मैतरणी. रडून रडून डोळे सुजलेल्या. आणि मग एकीनं कमरेची डबी काढली. "रडून त्वांडाची चव गेलीया बायांनो," म्हणत चिमूट घेतली आणि डबी पुढं सरकवली. एकीकडून दुसरीकडं, डबी फिरायला लागली. माझ्या आईच्या तिसऱ्या दिवशी! त्याच अंगणात, त्याच तीन दगडांपाशी!

डबी माझ्यापर्यंत आली, तेव्हा ती बाई मायेनं म्हणाली, "ही दुकानची हाय गं, आगदी फोल. तुझ्या हातची भाजल्याली आसंल तर दे की थोडी."

मी उठले. डबी घेतली आणि कुंपणापलीकडं भिरकावली. "माझ्या हातची? माझ्या हातची माझ्या आईनं खाल्ली! तिला काय झालं बघितलंत ना तुम्ही? तोंडात किडे पडायची पाळी आली होती तिच्या! अजून तुमचं पोट भरलं नाही?"

मग एक म्हातारी म्हणाली, "आगं, ज्याचं त्याचं नशीब. माझी सासू नव्वदीतबी मशेरी लावत व्हती."

"मग तिच्या सुनेनं पण लावावी, आणि नातसुनेनं पण!" मी म्हणाले. "कुणाचं तोंड सडतंय ते बघायला मी पुन्हा येईन."

वाईट बोलले. पण मागं घेत नाही. बायका फणकारून उठल्या. शिकलेली पोर, दौंडचं पाणी लागलंय, आईच्या दुःखानं डोकं फिरलंय, असं काहीबाही बोलत निघून गेल्या. ज्या बाईची डबी होती ती कुंपणापलीकडं जाऊन शोधत बसली.

मावशी मात्र गेली नाही. ती सगळा वेळ चुलीच्या दगडावर बसून होती, एक अक्षर बोलली नव्हती. ही माझी फटकळ मावशी, मला वाटलं आता मला फाडून खाणार. सगळ्या गेल्यावर ती उठली, मला हाताला धरून मोरीपाशी उजेडात घेऊन गेली, आणि आजूबाजूला कुणी नाही हे बघून गाल ओढला.

"बघ गं बाय जरा. माझ्या बी आतून पांढरं झाल्यावानी वाटतंय. तिखट झोंबतंय."

मी पाहिलं. दाढेशी, तिथंच. दुधाच्या सायीसारखं.

मी रडले नाही. फडक्यानं पुसूनही पाहिलं नाही. "उद्या सकाळच्या एस्टीनं दौंडला यायचं," मी म्हणाले.

"उद्या कशी यिऊ? कांदं काढायला आल्यात. बघू म्होरल्या..."

"उद्या!" मी इतक्या जोरात ओरडले की ओट्यावरचे पुरुष आत डोकावले.

सकाळी मी तिला दात घासू दिले नाहीत. तिची डबी मी रात्रीच काढून घेतली होती. एस्टीत ती सबंध रस्ता माझ्याशी भांडत होती. डोकं धरलंय म्हणायची, मळमळतंय म्हणायची, तुझ्या आईनं तुला लाडावली म्हणायची. भांडू दे म्हटलं. तिला भांडता येतंय, एवढंच मला ऐकायचं होतं.

दौंडला तेच म्हातारे डॉक्टर. त्यांनी मला ओळखलं, आईचं विचारलं, मी मानेनंच सांगितलं. मग त्यांनी मावशीला स्टुलावर बसवलं आणि नेहमीच्या सवयीनं कागद पुढं ओढला.

"तंबाखू खाता का बाई?"

मावशी ताठ झाली. अगदी आईसारखी. "न्हाई वं सायेब! आमच्यात..."

"खाते," मी म्हणाले. "दिवसातून पाच वेळा. लिहा. लग्नाच्या आधीपासून खाते. आणि भाजून मी देत होते."

मावशीनं माझ्याकडं खाऊ की गिळू असं पाहिलं. मग तिनं काळं बोट पदरात लपवलं आणि तोंड उघडलं.